पुदुमैपित्तन : सरकारी मालकीचा, वर्गाबाहेरचा लेखक

मद्रास विद्यापीठाने २०१४ साली पदवीच्या तमिळ विषयाच्या अभ्यासक्रमातून दोन कथा काढून टाकल्या. 'पोन्नगरम' आणि 'तुन्बक्केणी' अशी त्यांची नावे. पहिली १९३४ सालची, दुसरी १९३५ ची. दोन्ही कथांचे लेखक एकच, पुदुमैपित्तन. या कथांतील दलितांचे चित्रण हीनत्वदर्शक असल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि विद्यापीठाने कथा मागे घेतल्या. तमिळ साहित्यवर्तुळात त्यावर काही काळ वादंग झाले आणि विषय मागे पडला. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही, यात नवल नाही. दक्षिणेतील साहित्यिक वाद विंध्यापर्यंत पोहोचेतो बहुधा शिळे झालेले असतात.

परंतु या घटनेला एक पार्श्वभूमी आहे आणि तिच्यामुळे हा वाद नेहमीच्या अभ्यासक्रमाच्या वादांहून वेगळा ठरतो. त्याआधी बाराच वर्षे, २००२ साली, तमिळनाडू सरकारने याच लेखकाच्या वाङ्मयाचे राष्ट्रीयीकरण केले होते. म्हणजे स्वामित्वहक्क सरकारने घेऊन ते लेखन सर्वांसाठी खुले केले. जो लेखक राज्याने सार्वजनिक ठेवा म्हणून जाहीर केला, त्याच्याच दोन कथा त्याच राज्यातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठाच्या वर्गात वाचण्यास अयोग्य ठरल्या. लेखक जनतेच्या मालकीचा झाला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

राष्ट्रीयीकरण म्हटले की मराठी वाचकाला बँका आठवतात. तमिळनाडूत मात्र लेखकांच्या राष्ट्रीयीकरणाची परंपरा स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. सुब्रह्मण्य भारती यांच्या कवितांचे हक्क मद्रास सरकारने १९४९ मध्ये आपल्याकडे घेतले आणि काही वर्षांत ते जनतेला अर्पण केले. भारतींची गाणी कुणा एका चित्रपटनिर्मात्याची किंवा प्रकाशकाची खासगी मालमत्ता असता कामा नये, अशी त्यामागची लोकभावना होती. ती उचितही होती. पुढे ही प्रथाच पडली. आजवर शंभराहून अधिक लेखकांचे वाङ्मय अशा रीतीने खुले करण्यात आले असून त्याबद्दल वारसांना सरकारकडून रक्कम दिली जाते. सरकारला लेखकाचा सन्मान केल्याचे श्रेय मिळते, वारसांना पैसे मिळतात, प्रकाशकांना फुकट मजकूर मिळतो. तिघेही संतुष्ट असल्यामुळे या व्यवस्थेची चिकित्सा करण्याची गरज फारशी कुणाला भासलेली नाही.

थोडे गणित केले तर मात्र शंका येऊ लागतात. पुदुमैपित्तन यांचे निधन १९४८ साली झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या वाङ्मयाचे हक्क संपत आले तेव्हा, १९९०च्या दशकाच्या आरंभी, ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. त्या हिशेबाने पुदुमैपित्तन १ जानेवारी २००९ रोजी आपोआप सर्वांचे होणारच होते. सरकारने २००२ मध्ये केले ते इतकेच, की सहा-सात वर्षे आधी दार उघडले. लेखकाच्या कुटुंबाला त्यातून जे काही मिळाले त्याबद्दल कुणाचीही तक्रार असू नये. ते कुटुंब किती ओढगस्तीतून गेले हे तमिळ वाचकांना ठाऊक आहे. पण सांस्कृतिक धोरण म्हणून या निर्णयाचे मोल किती, हा प्रश्न उरतोच. २००९ साली सरकारने सुंदर रामस्वामी आणि कन्नदासन यांचे वाङ्मय राष्ट्रीयीकृत करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या वारसांनी नकार दिला. रामस्वामी यांचे निधन त्याच्या अवघी चार वर्षे आधीचे. त्यांच्या पुस्तकांना वाचक होता, नीट काढलेल्या आवृत्त्या होत्या आणि हक्काची पाच-साडेपाच दशके शिल्लक होती. सरकारच्या शाबासकीची त्यांना गरज नव्हती.

पुदुमैपित्तन यांना हयातीत सरकारची तर सोडाच, धड एका मालकाचीही शाबासकी लाभली नाही. त्यांचे खरे नाव सो. विरुद्धाचलम. जन्म २५ एप्रिल १९०६ चा, कडलूरनजीकच्या तिरुप्पादिरिप्पुलियूर येथील. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे लहानपण बदल्यांच्या गावी गेले. आई लवकर वारली. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब मूळच्या तिरुनेलवेलीला परतले. तेथील हिंदू कॉलेजातून १९३१ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्याच सुमारास कमला यांच्याशी विवाह झाला आणि लेखनाच्या ओढीने त्यांनी मद्रास गाठले. टोपणनावातील 'पुदुमै' म्हणजे नावीन्य आणि 'पित्तन' म्हणजे वेडा. शैव भक्तिपरंपरेत 'पित्तन' हे साक्षात शिवाचेही नाव आहे. तिरुनेलवेलीच्या शैव वेळ्ळाळ घरातल्या या तरुणाने ते जाणूनबुजून निवडले असावे, असे मानण्यास पुष्कळ वाव आहे.

मद्रासमध्ये १९३३ साली निघालेले 'मणिक्कोडी' हे नियतकालिक आधुनिक तमिळ कथेची प्रयोगशाळा होते. पुदुमैपित्तन यांच्या कथा तेथे १९३४ पासून येऊ लागल्या. कु. प. राजगोपालन, न. पिच्चमूर्ती, मौनी हे सारे त्याच पानांवरचे. तमिळ कथा तोवर बहुतांशी मद्रासच्या किंवा तंजावरकडच्या बोलीत बोलत असे. पुदुमैपित्तन यांच्या माणसांनी तिरुनेलवेलीची बोली आणली आणि निवेदनात मात्र अभिजात तमिळचे जड शब्द त्या बोलीशेजारी आणून बसविले. उपरोध त्या शेजारातूनच जन्मतो. जेमतेम बारा-पंधरा वर्षांच्या लेखनकाळात सुमारे शंभर कथा, जवळपास तितकेच निबंध, काही कविता, नाटके, परीक्षणे आणि मोपासाँपासून काफ्कापर्यंतच्या परदेशी कथांची पन्नासेक भाषांतरे त्यांनी केली. परकी कथा आपल्या गावची असल्यासारखी सजवून देण्याची जी रूपांतराची चाल त्या काळी लोकप्रिय होती, तिच्यावर त्यांचा रोष होता. परका माणूस परकाच राहू द्यावा, वाचकाने त्याच्या घरी जावे, असे त्यांचे म्हणणे. या प्रश्नावर कल्की यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाशी त्यांनी वाद घातला.

पोटासाठी पत्रकारिता होती. रामनाथ गोएंका यांच्या 'दिनमणि' दैनिकात त्यांनी काही वर्षे काढली. संपादक टी. एस. चोक्कलिंगम यांचा मालकांशी खटका उडाला आणि १९४३ मध्ये त्यांनी दैनिक सोडले, तेव्हा त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडणाऱ्या सहकाऱ्यांत पुदुमैपित्तन होते. दुसऱ्या वर्षी निघालेल्या 'दिनसरि'तही त्यांचे फार दिवस जमले नाही. मग त्या काळच्या बहुतेक कफल्लक लेखकांप्रमाणे ते चित्रपटांकडे वळले. आईच्या नावे 'पर्वतकुमारी प्रॉडक्शन्स' ही संस्थाही काढून पाहिली. तिचा चित्रपट कधी पूर्ण झाला नाही.

त्यांच्या आयुष्याचा शेवटचा अंक पुण्याशी निगडित आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तमिळ चित्रपटाचे पहिले महानायक एम. के. त्यागराज भागवतर १९४४ मध्ये लक्ष्मीकांतन खून खटल्यात अडकले आणि १९४७ साली सुटले. सुटकेनंतरचा त्यांचा पहिला चित्रपट 'राजमुक्ति' मद्रासऐवजी पुण्याच्या प्रभात स्टुडिओत चित्रित झाला. संवाद पुदुमैपित्तन यांचे. त्याच चित्रपटात एम. जी. रामचंद्रन आणि व्ही. एन. जानकी हे दोघे कलाकार होते. पुढे हे दोघेही तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. ज्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण दिले जाते, तेथे १९४७-४८ च्या सुमारास आधुनिक तमिळ कथेचा एक शिल्पकार पोटापाण्यासाठी राजवाड्यातले संवाद लिहीत होता आणि त्याच मुक्कामात त्याला क्षयाने गाठले. पुण्याहून तो परतला तो मरणाच्या वाटेवर. पत्नीच्या माहेरगावी, तिरुवनंतपुरमला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. 'राजमुक्ति' त्यानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला आणि कोसळला. प्रभातच्या आवारात या माणसाची एखादी खूण असती तर ते अनाठायी ठरले नसते.

हे चरित्र अनेकदा करुणरसात बुडवून सांगितले जाते. त्यांच्या कथा मात्र करुणरसाला फारशी दाद देत नाहीत. 'कडवुळुम कंदसामि पिळ्ळैयुम' या १९४३ च्या कथेत देव मद्रासच्या ब्रॉडवे आणि एस्प्लनेडच्या नाक्यावर अवतरतो. भेटतो तो कंदसामि पिळ्ळै, सिद्धवैद्यकाचे एक मासिक काढणारा गरजू गृहस्थ. हॉटेलातील कॉफीची चव देवाला अद्भुत वाटते, ती आपलीच लीला असावी अशी त्याची समजूत होते. लीला हॉटेलवाल्याची आहे, त्याने चिकोरी घातली आहे, असे पिळ्ळै त्याला समजावतो. मग तो देवाला मासिकाचा आजीव वर्गणीदार करू पाहतो. वर्गणी पंचवीस रुपये. आजीव म्हणजे कुणाच्या जिवाची मुदत, वर्गणीदाराच्या की मासिकाच्या, ही देवाची शंका रास्तच म्हणावी लागेल. पुढे देव उपजीविकेसाठी एका बड्या रसिकापुढे नृत्य करून दाखवतो आणि नापसंत ठरतो. वर देण्याचे सामर्थ्य असलेला देव या शहरात माणसांबरोबर चार दिवसही नांदू शकत नाही, हे विनोदाच्या अंगाने सांगून कथा संपते. ज्या वर्षी लेखकाने नोकरी सोडली, त्याच वर्षीची ही कथा आहे.

त्याच वर्षीची 'शापविमोचनम'. रामाच्या पदस्पर्शाने शिळेची पुन्हा स्त्री झालेली अहल्या गौतमाबरोबर संसार मांडते. वनवास संपवून परतलेली सीता तिला भेटते आणि अग्निपरीक्षेची हकिगत सांगते. रामानेच ती मागितली हे ऐकल्यावर अहल्या पुन्हा शिळा होते. ऐंशी वर्षांपूर्वी ही कथा एका तमिळ नियतकालिकात छापून आली आणि वाचली गेली, याची नोंद आजच्या हळव्या दिवसांत घेतली पाहिजे. आणि 'चेल्लम्माळ'. कापडाच्या दुकानात राबणारा ब्रह्मनायकम पिळ्ळै आणि त्याची वर्षानुवर्षे आजारी असलेली पत्नी. घर दुकानापासून दूर, गाव त्याहून दूर. एका रात्री ती जाते. आवाज न चढविता, कुणालाही दोष न देता, मृतदेहाशेजारच्या माणसाची रात्र या कथेत उभी राहते. भारतीय भाषांतील दांपत्यजीवनाच्या कथांत हिच्या तोडीच्या कथा थोड्याच सापडतील.

विद्यापीठाने वगळलेल्या दोन कथा याच लेखणीच्या, पण आरंभीच्या. 'पोन्नगरम' म्हणजे सुवर्णनगरी. नावापासूनच उपरोध सुरू होतो, कारण ही नगरी म्हणजे गिरणी कामगारांची वस्ती. अम्माळू गिरणीत काम करते, नवरा घोडागाडी हाकतो. दारूच्या भरात अपघात होऊन तो जायबंदी होतो. त्याच्या पेजेसाठी, औषधासाठी घरात पैसा नाही. अंधाऱ्या बोळात अम्माळू एका परपुरुषाकडून तो मिळविते. पातिव्रत्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना एक बोचरा टोला देऊन लेखक थांबतो. 'तुन्बक्केणी' म्हणजे दुःखाची विहीर; तिरुनेलवेलीकडच्या खेड्यातून सिलोनच्या चहामळ्यात मजुरीला गेलेल्या मरुदीची ती दीर्घकथा. दुष्काळी गावांतून माणसे गोळा करून मळ्यावर नेणारे कंगाणी, मळ्यातील कष्ट, रोगराई, गोऱ्या अधिकाऱ्यांची वासना हे सारे तमिळ कथेत इतक्या थेटपणे यापूर्वी क्वचितच आले होते.

या कथांवरचा आक्षेप मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पुदुमैपित्तन यांच्या लेखनातील दलित, ख्रिस्ती आणि मरवर पात्रांकडे वेळ्ळाळ घरातल्या माणसाच्या नजरेने पाहिले जाते, ही टीका २०१४ मध्ये अचानक उद्भवली नाही. अ. मार्क्स यांच्यासारख्या समीक्षकांनी ती त्याआधी बराच काळ, मुद्देसूदपणे केली होती. जातींची नावे उच्चारण्याची त्या काळातील सैल सवय, दारिद्र्य आणि नीतिभ्रष्टता यांची सहज जोडलेली सांगड, वरून खाली पाहणारा निवेदकाचा स्वर या गोष्टी मजकुरात आहेत आणि त्या वर्गातील दलित विद्यार्थ्याला बोचणार नाहीत, असे कुणीही छातीठोकपणे म्हणू नये. 'लेखक महान आहे' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. पुदुमैपित्तन यांचे अनेक चाहते नेमके हेच उत्तर देत राहिले, आणि चर्चा तेथेच अडली.

तरीही विद्यापीठाचा निर्णय चुकीचा होता, कारण त्याने आक्षेप घेणाऱ्यांचेही ऐकले नाही. कथा मागे घेतल्याने तक्रार निकालात निघाली, तिची चर्चा झाली नाही. 'तुन्बक्केणी' आणि तिच्यावरची मार्क्स यांची टीका शेजारी शेजारी ठेवून शिकविली असती, तर चहामळ्यांचा इतिहास, जातीची दृष्टी आणि कथेचा घाट हे तिन्ही विषय एकाच तासात विद्यार्थ्यांपुढे आले असते. प्राध्यापकांकडून तेवढी अपेक्षा करण्यास हरकत नव्हती. त्याऐवजी झाले ते प्रशासकीय. मुलांच्या हाती त्या जागी दुसरे काहीतरी बिनबोभाट आले असणार, आणि परीक्षा वेळेवर झाल्या असणार.

या साऱ्यात मूळ संहितेचा प्रश्न दडलेला आहे आणि तो राष्ट्रीयीकरणाला थेट भिडतो. पुदुमैपित्तन यांच्यावर मोपासाँच्या कथा उचलल्याचा आरोप फार जुना. एक कथा मोपासाँवरून घेतल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले होते. त्यांचे मित्र आणि चरित्रकार टी. एम. सी. रघुनाथन यांनी अशा आणखी काही कथा दाखवून दिल्या. रूपांतरावर तुटून पडणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हे अडचणीचेच. परंतु बचाव करणाऱ्यांचा मुद्दा असा, की त्यांतल्या बहुतेक कथा पुस्तकात आल्या त्या लेखकाच्या मृत्यूनंतर. त्यांनी हयातीत त्या आपल्या म्हणून संग्रहात घेतल्याच नव्हत्या. मग कोणती कथा कुठल्या नियतकालिकात, कोणत्या साली, कोणत्या टोपणनावाने आली आणि ती संग्रहात कुणी घातली, हे शोधल्याखेरीज आरोपही तपासता येत नाही आणि बचावही.

हे शोधण्याचे काम इतिहासकार आ. इरा. वेंकटाचलपती यांनी केले. जुन्या नियतकालिकांच्या फायली धुंडाळून त्यांनी पुदुमैपित्तन यांचे असंकलित लेखन १९९८ मध्ये आणि कालक्रमानुसार, पाठभेदांसह सिद्ध केलेल्या सर्व कथा २००० साली प्रसिद्ध केल्या. प्रकाशक 'कालच्चुवडु', म्हणजे सुंदर रामस्वामी यांनी सुरू केलेल्या नियतकालिकातून उभी राहिलेली संस्था. या रामस्वामींची लेखक म्हणून सुरुवातच १९५१ मध्ये स्वतः संपादिलेल्या पुदुमैपित्तन स्मृतिविशेषांकातून झाली होती. म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे त्याचे वाङ्मय जपले, निवडले, तपासले ते वाचकांनी आणि अभ्यासकांनी. सरकार आले ते त्यानंतर दोन वर्षांनी. हक्क खुले झाल्यावर कुणीही या कथा छापू शकतो. कष्टाने सिद्ध केलेली आवृत्ती आणि कुठल्याशा जुन्या संग्रहावरून चुकांसह उतरवलेली स्वस्त प्रत दुकानात एकाच फळीवर येऊन बसतात. स्वस्त प्रतीमुळे लेखक अधिक हातांत जातो हे खरे, आणि हा लाभ लहान नाही. पण जनतेच्या मालकीच्या ठेव्याची प्रमाण प्रत कोणती, हे सांगण्याची जबाबदारी मालकाने घेतलेली दिसत नाही.

अभ्यासक्रमातील वगळणुकीनंतर वर्ष उलटण्याच्या आतच तमिळनाडूत दुसरे प्रकरण पेटले. पेरुमाळ मुरुगन यांच्या 'मादोरुबागन' कादंबरीविरुद्ध नामक्कल जिल्ह्यात निदर्शने झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेल्याचे जाहीर केले. या वेळी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने ५ जुलै २०१६ रोजी लेखकाच्या बाजूने कौल दिला. मुरुगन पुन्हा लिहू लागले. पुस्तक आवडत नसेल तर ते मिटून ठेवण्याची मुभा वाचकाला आहे, अशा आशयाचे त्या निकालपत्रातील प्रतिपादन देशभर गाजले. मात्र विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला हा निकाल लागू होत नाही. बंदी आणि वगळणूक यांत कायद्याने मोठे अंतर आहे. काय शिकवायचे ते ठरविण्याचा अधिकार मंडळाचा, आणि वगळलेल्या कथेच्या बाजूने न्यायालयात जाण्याइतके स्वारस्य कुणाला असणार? लेखक हयात नाही. वारसांचे हक्क २००२ मध्येच संपले. मालक सरकार आहे, आणि त्याने या प्रकरणी आपली मालकी आठवल्याचे दिसले नाही.